दोन वाटसरू केव्हा भेटतील?

शिष्यवृत्तीची परीक्षा असो, नवोदय विद्यालयाची असो, नोकरीसाठीची स्पर्धा परीक्षा असो की परदेशी विद्यापीठात शिकायला जाण्यासाठी द्यावयाची असो, तिच्या प्रश्नपत्रिकेत कोठे ना कोठे एक आगगाडी धावत असते. ती कधी खांब ओलांडते, कधी पूल ओलांडते, तर कधी समोरून येणाऱ्या दुसऱ्या गाडीला भेटते. आगगाडी नसली तर नाव असते आणि नाव नसली तर पुढे चोर व मागे शिपाई असतो. विद्यार्थी या साऱ्या प्रकाराला ‘काळ-काम-वेग’ म्हणतात आणि हा प्रश्न शेवटी ठेवतात. शेवटी ठेवलेला प्रश्न बहुधा वेळेअभावी राहून जातो. दोन-चार गुणांनी ज्यांचा प्रवेश हुकतो त्यांत अशा मुलांची संख्या थोडी नसते.

मी मूळचा इतिहासाचा शिक्षक. परंतु आमच्यासारख्या शाळांतून शिक्षकाला जो तास रिकामा दिसेल तो घ्यावा लागतो, तेव्हा गणिताशीही गाठ पडते. मुलांच्या वह्या पाहिल्या म्हणजे त्यांत सूत्रांची लांबलचक यादी आढळते. खांबासाठी एक सूत्र, पुलासाठी दुसरे, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर तिसरे, एकाच दिशेने गेल्या तर चौथे. इतकी सूत्रे पाठ करून ऐन परीक्षेत कोणते कोठे वापरावयाचे याचा गोंधळ होणार नाही तर काय होईल? ही सूत्रे आली तरी कोठून, असा इतिहासाच्या अंगाने विचार करू लागलो, तेव्हा असे दिसून आले की, हा प्रश्न आगगाडीपेक्षा निदान अठराशे वर्षांनी जुना आहे, आणि जुन्या लोकांनी तो केवळ दोन-तीन विचारांच्या आधाराने सोडविला होता.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये संकलित झालेल्या ‘नऊ प्रकरणे’ या गणितग्रंथात कुत्रा आणि ससा यांचे एक उदाहरण आहे. ससा १०० बू पुढे आहे. (बू हे त्या देशाचे पावलांचे माप.) कुत्रा २५० बू धावतो आणि थांबतो, तेव्हा ससा ३० बू पुढे असतो. कुत्रा थांबला नसता तर आणखी किती धावून त्याने ससा गाठला असता? या उदाहरणात वेग दिलेला नाही आणि वेळही दिलेली नाही. तरीही ते सुटते. २५० बू धावण्यात कुत्र्याने १०० चे ३० केले, म्हणजे ७० बूंची तूट भरून काढली. मग उरलेले ३० बू भरून काढण्यास किती धावावे लागेल? २५० ला ३० ने गुणून ७० ने भागले की १०७ पूर्णांक १ सप्तमांश हे उत्तर येते. युरोपात शार्लमेन बादशहाच्या दरबारचा पंडित अल्क्विन (मृत्यू ८०४) याच्या नावावर जो गणिती कोड्यांचा संग्रह चालत आला आहे, त्यातही कुत्रा आणि ससा आहेतच. तेथे दोघांमध्ये १५० फूट अंतर, कुत्र्याची उडी ९ फुटांची व सशाची ७ फुटांची. प्रत्येक उडीला २ फूट अंतर तुटते, म्हणून ७५ उड्यांत ससा सापडतो. आपल्या प्रश्नपत्रिकेतील चोर-शिपाई हे याच सशाचे आणि कुत्र्याचे वंशज होत.

परंतु या सर्व प्रकाराला एका नियमात बसविण्याचे काम आपल्या देशात झाले. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’च्या गणितपादात तो नियम आहे. दोन पिंड परस्परांच्या विरुद्ध दिशेने जात असतील तर त्यांच्यामधील अंतराला गतियोगाने म्हणजे गतींच्या बेरजेने भागावे. एकाच दिशेने जात असतील तर गत्यंतराने म्हणजे गतींच्या वजाबाकीने भागावे. जो भागाकार येईल तो त्यांच्या भेटीचा काळ होय. आर्यभटाच्या मनात अर्थातच आगगाड्या नव्हत्या. त्याला आकाशातील ग्रहांची युती केव्हा होईल अथवा केव्हा होऊन गेली हे काढावयाचे होते. चंद्र झपाट्याने जातो आणि शनी रेंगाळतो, म्हणून चंद्र शनीला केव्हा गाठतो हा प्रश्न आणि जलद गाडी मंद गाडीला केव्हा गाठते हा प्रश्न, दोन्ही गणिताच्या दृष्टीने एकच आहेत.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे, कारण बेरीज का आणि वजाबाकी का हे ज्याला उमगले त्याच्या वहीतील तिसरे आणि चौथे सूत्र आपोआप खोडले जाते. दोन वाटसरू समोरासमोरून येत आहेत. एक तासाला ४ किलोमीटर चालतो, दुसरा ५. एक तास गेला की त्यांच्यामधील रस्ता ९ किलोमीटरने कमी झाला. रस्ता दोघे मिळून खात आहेत, म्हणून बेरीज. तेच जर एकामागून एक जात असतील, तर मागचा ५ किलोमीटर खातो खरा, पण पुढचा ४ किलोमीटर नवीन रस्ता वाढवून ठेवतो. तासाला तुटते ते एकच किलोमीटर, म्हणून वजाबाकी. यापलीकडे त्यात काही नाही.

दुसरा जुना विचार म्हणजे त्रैराशिक. तीन राशी माहीत असता चौथी काढण्याची ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होती. भारतीयांच्या या रीतीची कीर्ती दूरवर गेली होती. महमूद गझनवीच्या काळात हिंदुस्थानात येऊन येथील विद्यांचा अभ्यास करणाऱ्या अल्-बेरूनीने या राशींच्या हिशोबावर अरबी भाषेत एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली आणि तिच्या नावातच ‘राशिकात’ हा आपला शब्द ठेवला. पुढे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली, तीत त्रैराशिक आहे आणि व्यस्त त्रैराशिकही आहे. वेगाच्या उदाहरणांना हे व्यस्त त्रैराशिक फार उपयोगी पडते, कारण अंतर तेच असता वेग दुप्पट झाला तर वेळ निम्मी होते.

भास्कराचार्यांची आठवण निघाली म्हणून सांगतो. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून तेथे मठ स्थापन केल्याची हकिकत त्यात कोरलेली असून, एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. गणिताच्या अभ्यासासाठी दान देऊन ते दगडावर नोंदविण्याची ही गोष्ट आपल्या खानदेशातली आहे. आणि याच ‘लीलावती’चे फारसी भाषांतर अकबर बादशहाच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारचा कवी फैजी याने १५८७ मध्ये केले. म्हणजे हा ग्रंथ संस्कृत जाणणाऱ्याला जसा आपला, तसा फारसी मदरशात बसणाऱ्यालाही आपला होता. गणित हे आपल्या मुलांचे क्षेत्र नव्हे, असे जे हताशपणे बोलणारे आपल्यातच भेटतात, त्यांना मी फैजीचे नाव सांगतो.

‘लीलावती’तील मोर आणि साप यांचे उदाहरण प्रसिद्धच आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे, आणि साप बिळापासून २७ हातांवरून बिळाकडे येत आहे. मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांची गती सारखी असेल तर बिळापासून किती हातांवर ते भेटतील? उत्तर १२ हात. पाठ्यपुस्तकात हे काटकोन त्रिकोणाचे उदाहरण म्हणून येते. पण त्याची खरी किल्ली ‘गती सारखी’ या दोन शब्दांत आहे. दोघे एकाच वेळी निघाले, एकाच वेळी भेटले आणि गती सारखी, तेव्हा दोघांनी कापलेले अंतर सारखेच असले पाहिजे. ते येते १५ हात. जेथे वेळ सारखी तेथे अंतर वेगाच्या प्रमाणात. जेथे अंतर सारखे तेथे वेळ वेगाच्या व्यस्त प्रमाणात. प्रश्न वाचताच ‘येथे सारखे काय आहे?’ हे आधी विचारावयाचे. माझ्या वर्गात मी सूत्राऐवजी हा प्रश्न पाठ करावयास सांगतो.

आता ग्रंथांतून रस्त्यावर येऊ. प्रवासी इब्न बतूता १३३३ मध्ये सिंधू नदीच्या काठी पोहोचला. त्याने महंमद तुघलकाच्या डाकव्यवस्थेचे जे वर्णन केले आहे ते प्रत्येक गणित शिक्षकाने वाचावे असे आहे. सिंधपासून दिल्लीपर्यंतचा प्रवास पन्नास दिवसांचा. पण डाकेने बातमी पाच दिवसांत सुलतानाकडे पोहोचे. घोड्यांची डाक दर चार मैलांना बदले. पायी हरकाऱ्यांसाठी मात्र एका मैलात तीन टप्पे असत. हरकाऱ्याच्या हातात दोन हात लांबीची काठी असे व तिच्या टोकाला तांब्याच्या घंटा बांधलेल्या असत. घंटांचा आवाज ऐकताच पुढच्या चौकीवरचा गडी तयार होऊन उभा राही. आणि नवल असे की, ही पायी डाक घोड्यांच्या डाकेहूनही जलद जात असे, असे तो सांगतो. सुलतान आपल्या दौलताबादेस असताना त्याच्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून याच पद्धतीने आणले जाई.

पन्नास दिवसांचे पाच दिवस कसे झाले? हरकारा काही वाटसरूच्या दसपट वेगाने धावत नव्हता. तसे कोणालाही शक्य नाही. समजा, वाटसरू दिवसाचे आठ तास चालतो आणि सोळा तास जेवण, नमाज, झोप यांत घालवितो. डाक चोवीस तास चालू राहते. केवळ न थांबण्याने ती तिप्पट जलद झाली. उरलेले काम धावण्याने होते, आणि टप्पा लहान असल्यामुळे प्रत्येक गडी दमण्यापूर्वीच ओझे दुसऱ्याकडे देतो. सरासरी वेग म्हणजे काय, हे समजावून देण्यास मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. एकूण अंतराला एकूण वेळेने भागावयाचे, आणि त्या वेळेत विश्रांतीही धरावयाची. ‘बस मध्ये वीस मिनिटे थांबली’ असे प्रश्नात असते, तेव्हा ती वीस मिनिटे गाळून उत्तर काढणारे विद्यार्थी हेच विसरतात.

अंतराला वेळेने भागून वेग काढणे ही गोष्ट आपल्याला आज सोपी वाटते. परंतु ग्रीक परंपरेतील विद्वानांना ती रुचत नसे. अंतराची तुलना अंतराशी व काळाची काळाशीच करावी, असा त्यांचा दंडक होता, आणि १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅलिलिओच्या ग्रंथातही गतीचे सिद्धांत प्रमाणांच्याच भाषेत मांडलेले आहेत. तेव्हा एखाद्या मुलाला भागाकाराऐवजी प्रमाणाने विचार करणे सोपे गेले तर शिक्षकाने त्याला रोखू नये.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून चौदा डब्यांत सुमारे चारशे पाहुणे घेऊन पहिली प्रवासी गाडी ठाण्याकडे निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ती ओढली. सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर तिने ५७ मिनिटांत तोडले, असे सांगतात. म्हणजे ताशी सुमारे ३६ किलोमीटर हा तिचा सरासरी वेग. आज सायकलपटूही याहून जोरात जातो. परंतु बैलगाडीच्या चालीची सवय असलेल्या डोळ्यांना ते केवढे अद्भुत वाटले असेल! गाडीने गणिताच्या पुस्तकातही लगेच जागा पटकावली, आणि जुन्या उदाहरणांत नसलेली एक गोष्ट आणली, ती म्हणजे लांबी. ससा, मोर, ग्रह हे गणितापुरते ठिपके होते. आगगाडी मात्र चांगली लांबलचक. ती खांब ‘ओलांडते’ म्हणजे इंजिनाचे तोंड खांबापाशी आल्यापासून गार्डाचा डबा खांब सोडीपर्यंत. तेवढ्या वेळात ती स्वतःच्या लांबीइतकी पुढे जाते. फलाट ओलांडताना स्वतःची लांबी अधिक फलाटाची. १५० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर जात असेल, तर ती खांब १० सेकंदांत आणि ३०० मीटरचा फलाट ३० सेकंदांत ओलांडते. ज्याने स्टेशनावर उभे राहून गाडी जाताना पाहिली आहे त्याला येथे सूत्र कशाला हवे?

रेल्वेने घड्याळाचा प्रश्नही आणला, आणि तो मोठा गमतीचा आहे. रेल्वेची वेळ मद्रासच्या घड्याळाप्रमाणे चाले आणि मुंबई शहराची मुंबईच्या सूर्याप्रमाणे. मद्रास अर्धा तास पुढे. शहरातल्या घड्याळावर विसंबणाऱ्याची गाडी चुकण्यास एवढे पुरेसे होते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहराने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ एकाच घड्याळाने मोजलेली असावी ही गोष्ट आज गृहीत धरली जाते. मापांचेही तसेच. मैलांच्या काळात ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट हे घोकावे लागे. दशमान पद्धत आल्यावर ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर एवढे पुरते.

येथवर हा प्रश्न गरजेपोटी सोडविला जात होता. तो माणसे निवडण्याचे साधन कसा झाला, ती कथा अमेरिकेतील आहे. पहिल्या महायुद्धात तेथील सैन्यातील लाखो जवानांच्या बुद्धिचाचण्या घेण्यात आल्या, आणि त्याच धर्तीवर महाविद्यालयीन प्रवेशासाठी तयार केलेली ‘सॅट’ ही चाचणी २३ जून १९२६ रोजी प्रथम घेतली गेली. ८,०४० विद्यार्थी बसले होते. चाचणीचे नऊ भाग होते व त्यांत अंकगणिताची उदाहरणे हा एक होता. एकूण प्रश्न ३१५ आणि वेळ ९७ मिनिटे! भागाकार करून पाहा: एका प्रश्नाला साडेअठरा सेकंददेखील पुरते मिळत नाहीत. वेगाची उदाहरणे घालणारी परीक्षा स्वतःच वेगाची परीक्षा झाली.

या चाचणीचा प्रमुख शिल्पकार कार्ल ब्रिगहॅम. त्याने १९२३ मध्ये सैन्यातील चाचण्यांच्या आकड्यांवरून एक पुस्तक लिहून, अमुक वंशाचे लोक बुद्धीने वरचे आणि तमुक वंशाचे खालचे, असा निष्कर्ष काढला होता. जे लोक अमेरिकेत नुकतेच आलेले, ज्यांची भाषा वेगळी आणि शाळा तुटपुंज्या, ते अर्थातच खाली गेले. पुढे १९३० मध्ये ब्रिगहॅमने स्वतःच जाहीरपणे लिहिले की, आपल्या त्या अभ्यासाला आधार उरलेला नाही. विद्वानाने असे लिहिण्यास धैर्य लागते, हे मान्य केलेच पाहिजे. पण चाचणी राहिली आणि तिची घाईही राहिली. आपल्याकडील पर्यायी उत्तरांच्या प्रवेश परीक्षांतही तीच घाई आढळते. एखादे मूल उत्तराला दोन मिनिटे घेते म्हणून ते मंद, असा शिक्का मारताना आपण शिक्षक मंडळींनी हा इतिहास आठवावा. ज्या मुलाला प्रश्न आधी मनातल्या मनात घरच्या बोलीत आणून मग सोडवावा लागतो, त्याची काही सेकंदे तेथेच खर्ची पडलेली असतात.

घाईत सर्वांत जास्त बळी जातात ते सरासरी वेगाच्या प्रश्नात. जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० किलोमीटर, सरासरी किती? चार पर्यायांत ५० हमखास ठेवलेला असतो आणि वर्गातील निम्मे हात त्यावर जातात. सारखे काय आहे? अंतर. ते १२० किलोमीटर धरा. जाण्यास २ तास, येण्यास ३ तास. २४० ला ५ ने भागले की ४८. मंद चालीत जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकली. या चकव्यात भले भले सापडतात. मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर याने १९३४ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइनला एक कोडे पाठविले होते. जुनी मोटार टेकडीवर एक मैल ताशी १५ मैलांनी चढते; पलीकडचा एक मैल ती किती वेगाने उतरली म्हणजे सबंध दोन मैलांची सरासरी ताशी ३० मैल होईल? मनात चटकन ४५ येते. पण ३० च्या सरासरीने दोन मैलांना लागतात ४ मिनिटे, आणि ती चारही मिनिटे चढण्यातच संपलेली आहेत! उतरण्यास वेळच उरत नाही, हे आपल्या लक्षात प्रत्यक्ष हिशोब करेपर्यंत आले नाही, असे आइन्स्टाइनने उत्तरी कळविले.

आमच्या मुलांना आणखी एक प्रकार फार अडतो. मुलगा ताशी ४ किलोमीटर चालला तर शाळेत १० मिनिटे उशिरा पोहोचतो, ताशी ५ किलोमीटर चालला तर ५ मिनिटे लवकर. शाळा किती दूर? समीकरण मांडणारे मांडतात आणि चिन्हांत चुकतात. त्रैराशिकाने पाहा. पहिल्या चालीत एका किलोमीटरला १५ मिनिटे, दुसऱ्या चालीत १२; म्हणजे किलोमीटरमागे ३ मिनिटे वाचतात. एकंदरीत वाचली १५ मिनिटे. तर शाळा ५ किलोमीटरवर. चीनमधल्या कुत्र्याने तूट भरून काढली त्याचाच हा हिशोब.

विद्यार्थी वाचकांसाठी एक उदाहरण देऊन ठेवतो. एक मालगाडी मुंबईहून ठाण्याकडे ताशी ३६ किलोमीटरने गेली आणि त्याच मार्गाने ताशी ४५ किलोमीटरने परत आली. वाटेत ती कोठेही थांबली नाही. अंतर मुद्दामच धरलेले नाही. सरासरी वेग काढावा. उत्तर साडेचाळीस आले तर पुन्हा एकदा वेळ मोजावी.